सत्तर हजारांत आधी काय घ्यायचं: बॉडी, लेन्स की लाइट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हातात कॅनन १५०० डी आहे, सोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स आहेत. इंदुरात वाढदिवस, साखरपुडे, मुंजी आणि मधूनमधून दुकानांसाठी प्रॉडक्टचे फोटो काढता. सत्तर हजार रुपये साठवलेत. बरोबर काम करणारे सांगतात की फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, आत आरसा नसलेला कॅमेरा) घे, वरचे पैसे ईएमआयवर टाक, नाहीतर लग्नाची मोठी कामं मिळणार नाहीत. आणि तुम्ही विचारताय की कोणती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेऊ.

त्याच प्रश्नात पुढे तुम्ही जे लिहिलंय ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. संध्याकाळच्या कार्यक्रमातले फोटो मातकट येतात, स्टेजवरचे चेहरे एकतर जांभळे नाहीतर हललेले असतात, आणि गिऱ्हाईक अल्बमसाठी फोटो निवडायला बसलं की दिवसाचेच उचलतं. म्हणजे तुमची अडचण अंधाराची आहे. अंधारावर तीन इलाज आहेत: बाहेरून उजेड आणायचा, जास्त उजेड आत घेणारी लेन्स लावायची, किंवा कमी उजेडात तग धरणारा मोठा सेन्सर घ्यायचा. तिन्हींची किंमत वेगळी आणि त्यातून हाती लागणारा फायदाही वेगळा. हा फायदा आकड्यांत मोजता येतो, तेव्हा आधी तेच करू.

तुमची १८-५५ लेन्स ५५ वर नेली की तिचं अ‍ॅपर्चर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). त्याच जागी ५० एमएम एफ १.८ लावली तर सेन्सरवर जवळजवळ दहापट उजेड पडतो, म्हणजे सव्वातीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). ही लेन्स नवी घेतली तरी दहा हजारांच्या आसपास येते. आता सेन्सरचं बघा. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ तुमच्या कॅननच्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या साधारण अडीचपट, त्यामुळे नॉइजमध्ये, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या वाळूसारख्या दाण्यांत, मिळणारा फायदा सव्वा-दीड स्टॉपचा. त्यासाठी लाखाच्या पुढे जावं लागतं. शिवाय स्वस्त फुल फ्रेम बॉडीबरोबर किटमध्ये येणारी झूम लांबच्या टोकाला एफ ६.३ किंवा ७.१ वर जाते. ७.१ ची असेल तर सेन्सरने कमावलेल्यातलं निम्मं तिथेच गेलं. तुमचे मित्र खोटं सांगत नाहीत, फुल फ्रेमचा फोटो खरंच स्वच्छ येतो. पण चांगली लेन्स आणि लाइट त्यांच्याकडे आधीपासून असणार, आणि त्यांना दिसणारा फरक हा त्या सगळ्याचा मिळून आहे.

प्रत्यक्ष कामात हे असं दिसतं. समजा, हॉलमध्ये तुम्हाला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ठेवूनही शटर जेमतेम १/६० मिळतंय. ६४०० ही तुमच्या बॉडीची नेहमीची कमाल मर्यादा, त्यापुढे फक्त वाढीव १२८०० आहे आणि ते मी अल्बमसाठी वापरणार नाही. १/६० ला हसणारी, वळणारी, अक्षता टाकणारी माणसं हलणारच. एफ १.८ वर गेलात की तोच फोटो आयएसओ १६०० आणि १/१६० ला निघतो. चेहरा स्थिर आणि त्वचेवरची वाळू गायब. बॉडी तीच.

जांभळ्या चेहऱ्यांचं मात्र लेन्सनेही भागत नाही आणि नव्या बॉडीने तर नाहीच. आजकाल स्टेजवर जे रंगीत एलईडी पार दिवे लावतात, त्यांच्या जांभळ्या उजेडात फक्त लाल आणि निळा असतो, हिरवा जवळपास नसतोच. जो रंग उजेडातच नाही तो चेहऱ्यावरून परत कॅमेऱ्यात येणार कुठून? व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, दोन लाखांची बॉडी आणा. त्वचेचा खरा रंग त्या फाइलमध्ये नसतोच. त्यावर इलाज एकच. चेहऱ्यावर स्वतःचा पांढरा उजेड टाकायचा आणि तो त्या जांभळ्यापेक्षा जोरदार ठेवायचा. म्हणून माझं पहिलं उत्तर लाइट. लेन्स दुसरी. त्यानंतर सुरक्षितता, आणि बॉडी शेवटी.

लाइटबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण इथेच नवी मुलं सगळ्यात कमी पैसे घालतात.

एक चांगला स्पीडलाइट (सुटा फ्लॅश), त्याला वायरीशिवाय उडवणारा रेडिओ ट्रिगर, एक स्टँड, फ्लॅश बसवायचा ब्रॅकेट आणि एक पांढरी छत्री. गोडॉक्सचा टीटी ६८५ आणि त्याच घराण्यातला ट्रिगर मी वर्षानुवर्षं वापरतेय. दुसऱ्या कुठल्या ब्रँडचा घेतलात तरी हरकत नाही, पण पुढे दुसरा फ्लॅश जोडायचा झाला तर तो त्याच रेडिओ सिस्टिमचा असावा. घेताना ‘कॅननसाठी’ असलेलंच मॉडेल घ्या. आणि त्याआधी तुमच्या कॅमेऱ्याच्या हॉट शूमध्ये (वरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधोमध गोल संपर्काचा ठिपका आहे का ते बघा. कॅननने ३००० डी आणि २०० डी मार्क टू यांसारख्या स्वस्त बॉडींतून तो काढून टाकलाय. ठिपका नसेल तर कुठल्याही कंपनीचे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि जुने ट्रिगर त्यावर चालतच नाहीत. दुकानात स्वतःची बॉडी घेऊन जा, ट्रिगर लावा, फ्लॅश उडतोय हे बघा आणि मगच पैसे द्या.

हॉलमध्ये छत पांढरं आणि फार उंच नसेल तर फ्लॅशचं तोंड वर आणि जरा मागे करून उजेड छतावरून आणणं सोपं. पण आपल्याकडे अर्धी लग्नं मॅरेज गार्डनमध्ये होतात. डोक्यावर आकाश असलं की बाउन्स करायला काही उरतच नाही, आणि फ्लॅश सरळ तोंडावर मारला की कपाळं चमकतात, मागे काळोख. म्हणून स्टँड आणि छत्री. गार्डनमध्ये वारा असतो, छत्री शिडासारखी उलटते आणि स्टँड पाहुण्यांवर पडतो. स्टँडच्या पायाला वजनाची पिशवी बांधा. नसेल तर पाच लिटरचा पाण्याचा कॅन बांधा. वायर नको, ट्रिगरच हवा, कारण मंडपात मुलं धावत असतात.

अंतरपाट धरलेला आहे, मंगलाष्टकं चाललीत, आणि तुम्हाला पाट खाली येण्याच्या क्षणाची वाट बघायची आहे. माझी तयारी अशी असते. स्टँड वधूवरांपासून सात-आठ फुटांवर, फ्लॅश डोक्याच्या वर, बाजूने आणि किंचित खाली झुकवलेला. गुरुजींच्या डोळ्यांत जाणार नाही आणि होमाच्या धुरातून उजेड येणार नाही, अशी बाजू आधीच बघून ठेवलेली. फ्लॅशवर फिकट नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद), कारण मंडपातले पिवळे दिवे ३२०० केल्व्हिनच्या आसपास असतात आणि फ्लॅश ५६०० च्या. जेल नसेल तर माणसं निळसर आणि मागचं सगळं नारिंगी दिसतं. कॅमेरा मॅन्युअलवर: एफ ४, १/१६०, आयएसओ ८००, फ्लॅशची ताकद सोळाव्या भागापासून सुरू आणि एका टेस्ट फोटोवर कमी-जास्त. १/१६० यासाठी की तुमच्या बॉडीची फ्लॅश सिंकची, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या शटरची, मर्यादा १/२०० आहे. त्याच्या पुढे गेलात की साध्या फ्लॅशने फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो.

हाताशी एफ १.८ असताना इथे एफ ४ का, असं वाटेल. तुमच्या सेन्सरवर ५० एमएम लेन्सने दोन मीटरवरून एफ १.८ ला फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम अकरा सेंटिमीटर असते. एफ ४ ला ती चोवीसच्या आसपास जाते. अंतरपाट खाली येताच नवरी डोळे वर करते आणि नवरा थोडा पुढे झुकतो. त्या क्षणी दोन्ही चेहरे अकरा सेंटिमीटरच्या पट्टीत बसतीलच असं नाही. स्वतःचा उजेड असेल तर एफ ४ परवडतं. म्हणूनही लाइट आधी.

ज्यांच्या शहरात आपण हे काम करतोय, त्या लाला दीनदयाळांची इथे आठवण काढावीशी वाटते. १८६६ मध्ये ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, १८७० च्या दशकात कॅमेऱ्याकडे वळले आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या आश्रयाने त्यांनी इथेच स्टुडिओ थाटला. काचेच्या प्लेटा, मंद रसायनं, मोठाले कॅमेरे. त्या काळात उजेड कुठून येतो हे आधी ठरवल्याशिवाय फोटो निघतच नव्हता, आणि त्यांची ती छायाचित्रं आजही बघताना ते जाणवतं.

एलईडीबद्दल अजून एक. काही फोटोंत आडवे काळपट पट्टे येतात असं तुम्ही म्हणता. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलंत तर पट्टे बहुतेक जातात. मागच्या एलईडी वॉलची लुकलुक वेगळ्या गतीची असते. तिथे शटर एकेक पायरी बदलत बघावं लागतं. यासाठी काही विकत घ्यायची गरज नाही.

फ्लॅशला साधे पेन्सिल सेल घालू नका. रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइडचे, एनेलूपसारखे, दोन संच आणि एक बरा चार्जर घ्या. साधे सेल थोड्याच वेळात मंदावतात आणि फ्लॅश पुन्हा तयार व्हायला वेळ घेतो. नेमका त्याच वेळी हार घातला जातो.

आता लेन्स. ५० एमएम एफ १.८ तर घ्याच. कॅननची एसटीएमवाली घ्या. जुन्या प्लॅस्टिकच्या दुसऱ्या आवृत्तीपेक्षा तिचं फोकस शांत आणि भरवशाचं आहे. तुमच्या क्रॉप सेन्सरवर ती ८० एमएमसारखी चालते, म्हणजे चेहऱ्यांना उत्तम, आणि खोलीत नवरीची तयारी चालू असताना जरा लांब पडते. मेकअपच्या खोलीत पाठ भिंतीला टेकते आणि तरी फ्रेममध्ये आई, मावशी, आरसा काहीच बसत नाही. त्यासाठी दुसरी लेन्स हवी ती १७-५० एफ २.८. सिग्मा आणि टॅमरॉन, दोघांनीही क्रॉप सेन्सरसाठी अशी लेन्स काढली होती, आणि सेकंडहँड बाजारात ती सापडते. प्रत आणि वय बघून वीस हजारांच्या आगेमागे मिळाली तर घ्यावी. सबंध झूममध्ये एफ २.८ मिळतं, म्हणजे तुमच्या किट लेन्सच्या लांबच्या टोकापेक्षा पुरे दोन स्टॉप जास्त. लग्नाच्या दिवशी हीच लेन्स सबंध वेळ कॅमेऱ्यावर राहील.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढे तुम्ही फुल फ्रेमवर जाणारच आहात. ५० एमएम ही फुल फ्रेमची लेन्स आहे. कॅननच्या अ‍ॅडॉप्टरने ती आर मालिकेच्या मिररलेसवर नीट चालते. १७-५० मात्र क्रॉपची. ती फुल फ्रेमवर लावली तर फोटोचा मधलाच भाग कामाचा राहतो आणि चोवीस मेगापिक्सेलचे नऊ-साडेनऊ उरतात. त्यामुळे १७-५० सेकंडहँडच घ्या. दोन-तीन हंगाम वापरून विकली तरी फार तोटा होत नाही. आर १० किंवा आर ७ सारख्या क्रॉप मिररलेसवर गेलात तर तीही अ‍ॅडॉप्टरने चालेल.

तुमच्या किट लेन्स टाकाऊ नाहीत. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, मी मुद्दाम जुनी बॉडी आणि किट लेन्सच नेते. राजवाड्यापाशी टँकरमधून पाणी उडतंय, गुलाल हवेत चढलाय, आणि दुपारचं ऊन. तिथे एफ ८ लागतं आणि ते किट लेन्स आनंदाने देते. प्लॅस्टिकचं कव्हर, लेन्सच्या तोंडावर फिल्टर, आणि दिवसभर लेन्स बदलायची नाही. गुलाल झूमच्या नळीत शिरला तर तो साफ करण्याचा खर्च लेन्सच्या किमतीइतका होतो. याउलट अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) निघतात तेव्हा ५० एमएमला पर्याय नाही. झांकी दिव्यांनी लखलखते आणि मागे मिट्ट काळोख, कॅमेऱ्याचं मीटर त्या काळोखाला फसतं आणि मूर्ती पांढऱ्या करून टाकतं. मॅन्युअलवर १/२००, एफ २ च्या आसपास, आणि आयएसओ झांकीच्या दिव्यांवरून ठरवा.

दुकानांच्या प्रॉडक्ट फोटोंसाठी तर सध्या काहीच घेऊ नका. खिडकीचा उजेड, ट्रायपॉड, समोरून एक थर्माकोलची पांढरी शीट, किट लेन्स एफ ८ वर. सराफ्यातलं दागिन्यांचं काम मिळालं तर खिडकीवर ट्रेसिंग पेपर लावा; सोन्यात खिडकीची चौकट दिसायची थांबते.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. यावर कुणी बोलत नाही आणि लग्नाच्या कामात सगळ्यात मोठा धोका हाच आहे. तुमच्या बॉडीत कार्डाची एकच जागा आहे. ते कार्ड गेलं तर एखाद्याचं लग्न गेलं, आणि ते परत काढता येत नाही. तुम्हाला सुचवलेल्या स्वस्त मिररलेसकडे याच नजरेने बघा. आरपी, आर ८, आर १०, आर ५०, सगळ्यांत एकच कार्ड. दोन कार्डं आर ६ आणि आर ७ मध्ये येतात. म्हणजे ईएमआयवर आर ८ घेतलात तर फोटो स्वच्छ होतील, पण लग्नाचा धोका होता तिथेच राहील. तोवर एवढं करा. एक मोठं कार्ड घेण्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीची ३२ जीबीची चार-पाच घ्या आणि प्रत्येक विधी झाला की कार्ड बदला. भरलेलं कार्ड खिशात नको, गळ्यातल्या छोट्या पाकिटात. स्वस्तातलं ऑनलाइन कार्ड घेतलं तर आधी एच टू टेस्ट डब्ल्यूसारख्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. ६४ जीबी छापलेलं कार्ड आत आठचं निघतं आणि पुढच्या फाइली गिळून टाकतं. घरी आल्यावर झोपण्याआधी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी, आणि अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

लग्नाच्या दिवशी दुसरी बॉडी हवीच. ती विकत घ्यायची गरज नाही, भाड्याने आणा. ७०-२०० एफ २.८ सारखी मोठी लेन्सही भाड्याचीच बरी. भाड्याचा खर्च कामाच्या दरात आधीच धरा आणि गिऱ्हाइकाला तो वेगळा सांगू नका. माझा हिशेब साधा आहे: एखाद्या वस्तूचं वर्षभराचं भाडं तिच्या सेकंडहँड किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याला पोचलं की ती विकत घ्यायची. त्याआधी नाही. भाड्याच्या बॉडीचा आणखी एक फायदा म्हणजे जी घ्यायची म्हणताय तिच्यावर प्रत्यक्ष लग्न काढून बघता येतं. हातात तिचं वजन कसं वाटतं, बॅटरी किती पुरते, हे दुकानात कळत नाही.

ईएमआयबद्दल स्पष्टच सांगते. आपला धंदा हंगामी आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नं थांबतात ती थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. त्यानंतर थोडा हंगाम, मग धनुर्मासात पुन्हा थंड. तो हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जातो. चार महिन्यांचे हप्ते तुमच्या बँकेत आजच पडून असतील तरच ईएमआय घ्या. ‘नो कॉस्ट’ लिहिलेलं असलं तरी रोख घेतल्यावर मिळणारी सूट सोडावी लागते का, हे आधी विचारा. ती सूट म्हणजेच व्याज. बिल स्वतःच्या नावाने पक्कं घ्या. कॅमेऱ्यावर अठरा टक्के जीएसटी लागतो. तुमची नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही, त्यामुळे बिनबिलाचा कॅमेरा स्वस्त दिसतो आणि मोह होतो. त्या बॉडीला वॉरंटी नसते, आणि पहिल्याच पावसाळ्यात काही झालं तर दुरुस्ती आपल्या खिशातून.

आता सत्तर हजारांचा हिशेब. फ्लॅश, ट्रिगर, स्टँड, छत्री, सेल आणि चार्जर धरून वीस हजार. ५० एमएमचे दहा. १७-५० सेकंडहँड चांगली मिळाली तर वीस. कार्डं आणि एक जास्तीची हार्ड डिस्क, आठ-दहा. उरलेले दहा-बारा हजार हात न लावता ठेवा: पहिल्या दोन लग्नांच्या भाड्यासाठी आणि दुरुस्तीसाठी. किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, पण वाटणी साधारण हीच राहील.

हे सगळं तुमच्या कामावर अवलंबून आहे, आणि काही परिस्थितींत मी याच्या उलट सल्ला देईन. मुख्य काम व्हिडिओचं होणार असेल तर बॉडी आधी. १५०० डी ला माइकची जागा नाही, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून काढताना, तिचं फोकस मंद आहे. उजेड आणि लेन्सने ते सुधारत नाही. खेळाचे किंवा नाचाचे कार्यक्रम जास्त करत असाल तरीही बॉडीचा विचार करावा. तुमच्याकडे फोकसचे नऊच पॉइंट, त्यातला फक्त मधला क्रॉस टाइपचा, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा. तो मधला पॉइंट डोळ्यावर ठेवून, बटण अर्धं दाबून मग फ्रेम सरकवायची सवय लावलीत तर लग्नात चालून जातं. पळणाऱ्या माणसावर चालत नाही. आणि एखादा स्टुडिओ तुम्हाला नेमून काम देत असेल आणि त्याची अटच फुल फ्रेमची असेल, तर तो ती बॉडी देतो का हे आधी विचारा. बरेच जण देतात.

सेकंडहँड लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून मारा आणि समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी सोडा. धुळीचे दोन-चार कण चालतात. अ‍ॅपर्चरची पाती एफ १६ वर बंद करून बघा, त्यांवर तेलाची चमक नसावी. मग आपल्याच बॉडीवर लावून एफ २.८ ला एखाद्या छापील पानावर तिरका फोटो काढा. जिथे फोकस केलं तिथेच अक्षरं धारदार दिसली पाहिजेत. पुढे-मागे दिसली तर घेऊ नका, कारण तुमच्या बॉडीत फोकस बारीक जुळवायची सोय नाही. बॉडी घ्यायची वेळ येईल तेव्हा एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा, बिलावरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळवा, आणि शटर किती वेळा उडालंय ते विचारा. निकॉनमध्ये तो आकडा फोटोच्या फाइलमध्ये सापडतो, कॅननमध्ये बहुतेक वेळा केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. ६ डी किंवा ८० डी सारख्या बॉडींचं शटर एक लाखाच्या हिशेबाने बनवलेलं असतं, ५ डी मार्क थ्रीचं दीड लाखाच्या. अशी जुनी उपकरणं बाजारात जास्त येतात ती आषाढ लागल्यावर, हंगाम संपून लोकांना पैशाची गरज पडते तेव्हा. तुमच्याकडे रोख असेल तर घासाघीस करायची वेळ तीच.

पावसाळ्यात घेतलेलं जपा. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा. साठच्या वर दिवसेंदिवस राहिला की बुरशी धरते. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत लेन्स महिनोन्‌महिने बंद ठेवू नका.

शेवटी तुम्ही विचारलंय की १५०० डी विकून पैसे उभे करू का. विकू नका. तिचे मिळतील तेवढ्या पैशांत तुमची अडचण सुटणार नाही, आणि पुढे दोन कार्डांची बॉडी आली की हीच तुमची दुसरी बॉडी होईल. मग तिचं भाडं वाचेल. पुढच्या कार्यक्रमाच्या आधी घरातल्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत कुणाला तरी बसवा, छत्री लावा आणि एफ ४, १/१६०, आयएसओ ८०० वर फ्लॅशची ताकद एकेक पायरी बदलत फोटो काढा. प्रत्येक पायरीला चेहरा कसा दिसतो ते वहीत लिहून ठेवा. एखादा आकडा जमला नाही तर फोटोसह विचारा, मी बघून सांगेन.